परवलीचा शब्द कोणाला सांगावा?



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लढाई, तह किंवा गादीवरचा तंटा उभा राहतो. आज मी त्यांतले काहीच घेऊन आलेलो नाही. माझा प्रश्न दिसायला अगदी किरकोळ आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी संगणकावर समाजमाध्यमे नावाची नवी चावडी भरू लागली. तेथे नाव नोंदविणाऱ्याला ती चावडी म्हणे, 'तुमच्या ई-मेलचा पत्ता आणि पासवर्ड येथे लिहा. तुमच्या ओळखीचे कोण कोण आमच्याकडे आले आहेत ते आम्ही क्षणात शोधून देतो.' लाखो शहाण्या माणसांनी तो शब्द लिहून दिला. द्यावा की न द्यावा, हा आजचा प्रश्न आहे.

यात इतिहास कोठे आला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की हा प्रश्न यंत्राचा नाहीच. आपल्या नावाने येणारी-जाणारी पत्रे ज्या किल्लीने उघडतात ती किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी का, आणि द्यावी तर कोणत्या मर्यादेने, हा तो प्रश्न आहे. तो आपल्या पूर्वजांपुढे वारंवार उभा राहिला होता. त्याची उत्तरेही त्यांनी आपापल्या परीने दिली होती, आणि त्यांतले एक उत्तर तर आपल्या गावाशी नाते सांगणारे आहे.

फलटण हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. पंथाने मानलेल्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म याच गावचा. या पंथाने मराठी गद्याला 'लीळाचरित्रा'सारखा आद्य ग्रंथ दिला. पंथाचे आचार्य नागदेव यांचा आग्रह असा होता की संस्कृतात लिहून सामान्य बायाबापड्यांना ज्ञानाला मुकवू नये, लिहायचे ते मराठीत लिहावे. परंतु याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकापासून, आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक अशी त्या लिप्यांची नावे आहेत. त्यांतली सकळ लिपी रवळोबासांनी रचली असे मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह घालायचे. ज्याला कोष्टक ठाऊक त्याला ग्रंथ उघडा, ज्याला ठाऊक नाही त्याला तीच पोथी मुकी. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१०च्या सुमारास सकळ लिपीचे कोडे उलगडले, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासातले एक अख्खे दालन अभ्यासकांना खुले झाले.

या गुप्ततेची किंमत पंथाला द्यावी लागली. पोथी बंद म्हणून बाहेर गैरसमज पिकले, आणि ते शतकानुशतके टिकले. तेव्हा झाकून ठेवणे हे नेहमीच शहाणपणाचे, असे मी म्हणणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ती किल्ली कोणा एकट्या साधूच्या मालकीची नव्हती. ज्याला ती शिकविली त्याच्यावर साऱ्या पंथाचा विश्वास ठेवलेला होता. एकाने ती बाहेरच्याला सांगितली असती, तर उघडी पडली असती ती सर्वांचीच पोथी. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडेच परत यायचे आहे.

आता पोथीकडून पत्राकडे वळू. फलटणचे निंबाळकर हे भोसल्यांचे सोयरे. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई या निंबाळकरांच्याच घरच्या. मराठेशाहीतली कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना पत्राचा बांधा आठवेल. माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपल्यावर खाली मोर्तब. महाराजांची अष्टकोनी मुद्रा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मोर्तबाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. त्या लहानशा शिक्क्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. येथे मर्यादा शोभते, म्हणजेच येथे मजकूर संपला. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती धन्याची नव्हे, हे वाचणाऱ्याने ओळखावे. कागद लांब असेल तर तो अनेक तुकडे जोडून केलेला असे, आणि त्या जोडांवर पाठीमागून शिक्के मारीत, म्हणजे मधलाच तुकडा काढून दुसरा चिकटविता येऊ नये. आपण आजही एखादी गोष्ट कायम झाली म्हणजे तिच्यावर 'शिक्कामोर्तब' झाले असे म्हणतो.

पत्र तयार झाले की ते जासुदाच्या हाती जाई. जासूद इमानी असे, पायाचा चपळ असे. पण त्याला शिक्का देत नसत. लखोटा हा लाखेशी नाते सांगणारा शब्द आहे. लाखेने बंद केलेले पत्र उघडले गेले तर ते पोचताच कळे. पत्र नेणे हे एक काम, वाचणे हे दुसरे, आणि धन्याच्या नावाने लिहिणे हे तिसरे. ही तीन कामे तीन हातांत ठेवण्यात जुन्या दफ्तराचा सारा शहाणपणा साठविलेला आहे.

हे न सांभाळले तर काय होते, त्याची एक कथा महाराष्ट्राच्या जिभेवर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातला 'धरावे' हा शब्द आनंदीबाईंनी 'मारावे' असा केला, अशी ती 'ध'चा 'मा' करण्याची कथा. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण आख्यायिका कशाची बनते हेही इतिहासाने पाहावे. लोकांना भय वाटले ते कोणी पत्र वाचले याचे नव्हे. एकाच्या नावाच्या पत्रात दुसऱ्याने लिहिले याचे. गुपित फुटण्यापेक्षा आपल्या नावाने दुसराच कोणी बोलू लागणे हा अनर्थ मोठा.

इंग्रजी अमलात याच विचाराला कायद्याचे रूप आले. १८५४ साली टपालाची तिकिटे देशभर सुरू झाली आणि पत्र हे राजेरजवाड्यांपुरते न राहता सामान्य माणसाचे झाले. १८९८च्या टपाल कायद्याने खात्याच्या नोकराने पत्र चोरणे, दडविणे वा नष्ट करणे हा गुन्हा ठरविला. सरकारने मात्र पत्र अडविण्याचा अधिकार आपल्याकडे राखून ठेवला होता, हे विसरून चालणार नाही. त्या कायद्याची जागा २०२३च्या नव्या कायद्याने १८ जून २०२४ पासून घेतली.

याच काळातली दुसरी सोय म्हणजे मुखत्यारपत्र. त्याविषयीचा कायदा १८८२ सालचा. मुखत्यारपत्र दोन प्रकारचे असते हे आपल्यापैकी शेतीवाडीचे व्यवहार केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'अमुक गटाच्या जमिनीचा अमुक दस्त माझ्या वतीने नोंदवावा' असे एका कामापुरते देता येते, किंवा सारीच मुखत्यारी एकदम देता येते. पहिल्या प्रकारात काम झाले की अधिकार संपतो. दुसऱ्या प्रकारात आपण सही करून घरी येतो आणि पुढे काय काय विकले गेले ते मागाहून कळते. शहाणा वकील पक्षकाराला नेहमी विचारतो, 'काम एवढेच असेल तर अधिकार एवढा कशाला देता?' माझ्या आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे.

आता पासवर्डाकडे येऊ. मराठीत त्याला 'परवलीचा शब्द' म्हणतात तो लष्करी पहाऱ्यातून आलेला आहे. रात्री येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगितला तर आपला, नाही तर परका. संगणकाच्या जगात हा शब्द १९६०च्या दशकाच्या आरंभी आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशी व्यवस्था दाखविली की एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी आळीपाळीने काम करावे. यंत्र एक, माणसे अनेक. मग प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. वर्षभरातच, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या तेथल्याच एका संशोधकाने यंत्राचा वेळ जास्त मिळावा म्हणून सर्वांच्या गुप्त शब्दांची यादीच छापून घेतली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली. म्हणजे कुलूप आणि कुलपाची चोरी ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. शिवाय सगळ्या किल्ल्या एका ठिकाणी लिहून ठेवल्या की चोराला घरोघर हिंडावे लागत नाही, हा धडा त्याच दिवशी मिळाला होता.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. या भाटियांचे काही शालेय शिक्षण पुण्यात झालेले. हॉटमेलने फुकट टपालपेटी दिली आणि ती जगातल्या कोणत्याही संगणकावरून उघडण्याची सोय दिली. फार मोठी सोय होती ती. पण त्याच दिवशी आपली पत्रे आपल्या घरच्या फडताळातून उठून परक्याच्या वाड्यात राहायला गेली, आणि ती आपली आहेत याची खूण म्हणून आपल्या हाती एक शब्द तेवढा उरला.

नंतर ती चावडी आली. लिंक्डइन २००३ साली, ऑर्कुट आणि फेसबुक २००४ साली. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. आपल्याकडच्या पुष्कळ तरुणांची पहिली ओळख त्याच्याशीच झाली होती. नव्या चावडीला माणसे हवी असतात, आणि माणसांची यादी आयती मिळते ती टपालपेटीत. म्हणून कित्येक ठिकाणी त्या पेटीच्या किल्लीची मागणी सुरू झाली.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. २००९ साली टॅग्ड नावाच्या संकेतस्थळाने सभासदांच्या पत्त्यांच्या वह्यांतून कोट्यवधी पत्रे धाडली. 'तुमच्या अमुक स्नेह्याने तुम्हांला छायाचित्रे पाठविली आहेत' असा त्यांचा आशय. स्नेह्याने प्रत्यक्षात काहीच पाठविलेले नव्हते. न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि त्याच वर्षी पाच लाख डॉलर भरून कंपनीने ते मिटविले. 'ध'चा 'मा' येथे प्रत्यक्षात झाला, आणि तो करण्यासाठी कोणाला कुलूप फोडावे लागले नाही. किल्ली आपणच दिली होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीवर दरोडा पडला. ही कंपनी छायाचित्रांची चलत्‌माला करून देई, आणि ती माला जतन करायची तर सभासदाने ई-मेलचा पत्ता आणि ई-मेलचाच पासवर्ड लिहावा अशी तिची अट होती. छायाचित्रांच्या मालेसाठी टपालपेटीची किल्ली! कंपनीने सभासदांचे पासवर्ड कोणतीही लिपी न वापरता साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले होते. चोरांच्या हाती तीन कोटी वीस लाख खात्यांचा ऐवज लागला. चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना जेवढी सावधगिरी सुचली होती, तेवढी एकविसाव्या शतकातल्या या व्यापाऱ्यांना सुचली नाही.

लिंक्डइनचा खटला थोडा निराळा आणि म्हणून अधिक विचार करायला लावणारा आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियात काही सभासदांनी दावा लावला की आमच्या टपालपेटीतून पत्ते घेऊन कंपनीने आमच्या नावाने पुन्हा पुन्हा आमंत्रणे पाठविली. न्यायाधीशांनी २०१४ साली बारीक भेद केला. पहिल्या आमंत्रणाला सभासदाची संमती होती असे म्हणता येईल. पण उत्तर न आल्यावर धाडलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्मरणपत्रांना त्याची संमती होती असे म्हणता येत नाही. २०१५ साली एक कोटी तीस लाख डॉलरांवर तडजोड झाली. श्रोतेहो, हाच आपल्या मोर्तबाचा न्याय आहे. पहिले पत्र मोर्तबाच्या वरचे, आणि पुढची दोन मोर्तबाखाली कोणीतरी वाढविलेली.

हे सारे होऊनही २०१९ साली असे उघड झाले की फेसबुक काही नव्या सभासदांकडे, खाते खरे आहे हे पटविण्यासाठी म्हणून, ई-मेलचा पासवर्ड मागत होते. बोभाटा होताच कंपनीने ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. थोड्याच दिवसांत तिने हेही मान्य केले की मे २०१६ पासून सुमारे पंधरा लाख सभासदांच्या ओळखीच्या पत्त्यांची यादी आपल्याकडे चढविली गेली होती, आणि ती अनवधानाने चढविली गेली होती. अनवधान खरे मानू. पण किल्लीच हाती नसती तर अनवधानालाही वाव राहिला नसता.

यावर तोडगा निघालाच नाही असे नाही. २००७ साली काही अभियंत्यांनी ओऑथ नावाची रीत ठरविली आणि २०१२ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. तिचे मर्म सांगायला यंत्रविद्या लागत नाही. मुखत्यारपत्र पुरेसे आहे. आपण पासवर्ड फक्त आपल्या टपालवाल्यालाच सांगतो, आणि टपालवाला त्या दुसऱ्या संस्थेला एका कामापुरती चिठ्ठी देतो. 'हिला पत्त्यांची वही पाहू द्यावी, पत्रे दाखवू नयेत, पत्र लिहू देऊ नये.' ही चिठ्ठी वाटेल तेव्हा रद्द करता येते, आणि तेवढ्यासाठी कुलूप बदलावे लागत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने, केवळ नाव आणि पासवर्ड मागून आपल्या वैयक्तिक टपालात शिरणाऱ्या परक्या साधनांना दार बंद केले. जुन्या दफ्तरदारांनी तीन हातांत वाटलेली तीन कामे यंत्राने पुन्हा वेगळी केली, असे मी या घटनेकडे पाहतो.

मात्र चिठ्ठी आली म्हणजे धोका टळला असे समजू नये. मोबाइलवर 'परवानगी द्या' असे बटण येते आणि आपण न वाचता ते दाबतो. मुखत्यारपत्र न वाचता त्यावर अंगठा उठविणारा आणि आपण यांत मग फरक काय राहिला? आणि किल्लीची मागणी संपलेली नाही, तिचा वेष बदलला आहे. आज फोन करणारा भामटा पासवर्ड मागत नाही, ओटीपी मागतो. ते सहा अंक म्हणजे एका रात्रीचा परवलीचा शब्दच होय.

येथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, 'माझ्या टपालात लपविण्यासारखे आहेच काय?' गृहस्थ खरे बोलत असतील. पण आज बँकेचे, विम्याचे, आयकराचे किंवा मुलांच्या प्रवेशाचे खाते घ्या, 'पासवर्ड विसरलात?' असे विचारले की नवा शब्द ठरविण्याची वाट बहुधा ई-मेलवरच येते. घरातल्या सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीवर टांगलेल्या, तिचीच ही किल्ली आहे. आणि गुपित नसले तरी नाव तर असते. सज्जनाच्या नावाने पाठविलेले फसवे पत्र दुर्जनाच्या पत्रापेक्षा अधिक लोकांना फसविते.

दुसरा आक्षेप असा की, 'आम्ही नातवाला पासवर्ड सांगतोच, मग कंपनीला सांगितला तर काय बिघडले?' वडीलधाऱ्यांना यंत्र जमत नाही, मग घरातले पोर ते काम करते. यात मला काही गैर दिसत नाही. नातू आपल्या नजरेसमोर बसलेला असतो, चुकला तर त्याचा कान धरता येतो, आणि त्याला आपल्या नावाची लाज असते. कंपनीचा कान धरायला कोर्टात जावे लागते, आणि तोपर्यंत पत्रे जाऊन चुकलेली असतात.

आता कायदाही आपल्या बाजूने थोडाबहुत उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६६ क प्रमाणे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखाने निर्णय दिला, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संसदेने केला. पण चोरी झाल्यावरची फिर्याद आणि आधी लावलेली कडी यांत शहाण्याने कडीच पसंत करावी.

आता आरंभी ध्यानात ठेवा म्हटलेल्या गोष्टीकडे परत येतो. माझ्या टपालपेटीत माझी पत्रे थोडी आणि मला आलेली पत्रे फार. एखाद्या भावाने कर्जाची अडचण कळविली असेल, मुलीने सासरची व्यथा लिहिली असेल, मित्राने आजाराची बातमी एकट्या मलाच सांगितली असेल. पत्त्यांची वही तर सगळी दुसऱ्यांचीच. ही माणसे त्या चावडीवर आलेली नाहीत. त्यांनी कोणत्याही अटीवर सही केलेली नाही. त्यांनी विश्वास टाकला तो माझ्यावर. मी किल्ली देतो तेव्हा माझे दार उघडतो असे मला वाटते. उघडते ते त्यांचे. महानुभाव साधूला जे कळत होते ते एवढेच होते की ही किल्ली माझ्याकडे आहे, पण ती माझ्या एकट्याची नाही.

म्हणून ई-मेलचा पासवर्ड समाजमाध्यमाला द्यावा काय, या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. काम सांगणारा माणूस कामापुरता अधिकार मागेल. सगळी किल्ली मागणारा कामापेक्षा अधिक काही मागत असतो. ज्यांनी पूर्वी कधी दिली असेल त्यांनी घरी गेल्यावर शब्द बदलावा, आणि कोणाकोणाला कसल्या परवानग्या दिल्या आहेत ती यादी उघडून नको त्या काढून टाकाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. पत्राखाली मर्यादेचा शिक्का उठविणाऱ्या धन्याची आपण प्रजा. आपल्या टपालावर तेवढे मोर्तब आपण स्वतः करू या.